डब्यातले अख्खे खडू

१

डोळे मिटा पाहू. मिटलेत? लबाडी नको, पापण्या हलताना मला दिसतात.

आता समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक पत्र्याचा डबा आहे. बिस्किटांचा असतो तसा चौकोनी, रंग उडालेला, झाकणाला मधोमध एक चीर पाडलेली. हलवला की आत खुळखुळ वाजतं. त्या खुळखुळण्यात एका शाळेतल्या सगळ्या शिक्षकांची मतं आहेत.

मतं म्हणजे चिठ्ठ्या नव्हेत. खडू. शिक्षकांच्या गुप्त मतदानात चिठ्ठी चालत नाही. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं तपासलेली ही माणसं, नुसती फुली मारलीत तरी म्हणतील, "ही भूगोलाच्या बाईंची फुली, शेपूट बघा कसं वळलंय." म्हणून त्या शाळेत फार पूर्वीपासून एक पद्धत होती. पांढरा खडू टाकला की 'मान्य', लाल टाकला की 'अमान्य'. खडूला अक्षर नसतं.

या वेळचं मतदान पगाराच्या नव्या रचनेवर होतं. पगार ही एक शिडी समजा. जुन्या पद्धतीत सगळे शिक्षक दरवर्षी एकेक पायरी चढायचे, मन लावून शिकवणारेही आणि वर्गात डुलक्या काढणारेही. नव्या सुधारणेत ठरलं होतं की ज्याच्या वर्गाचा निकाल वाढेल त्यानंच पायरी चढायची. कुणी म्हणालं, हाच खरा न्याय. कुणी म्हणालं, मग कच्ची मुलं आपल्या वर्गात घेईल कोण? दोन्ही बोलण्यांत दम होता, म्हणून शिक्षकांच्या संघटनेनं शाळाशाळांतून मतं मागवली. लाल खडू जास्त निघाले तर ती शाळा बेमुदत संपावर जाणार होती.

सकाळी शाळा भरायच्या आधी संघटनेचे अध्यक्ष आले. सगळे शिक्षक खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. कपाट उघडलं, डबा काढला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि अध्यक्षांनी डबा पालथा केला.

पांढरा. पांढरा. पांढरा.

लाल एकही नाही.

"हे काय?" कवायतीचे सर ओरडले. त्यांचा आवाज मैदानाच्या मापाचा होता, खोलीत मावत नसे. "अहो, मी स्वतः लाल टाकलाय! माझा खडू काय रात्रभर डब्यात बसून आजारी पडला? पांढराफटक कसा झाला?"

कुणी हसलं नाही. सगळे एकाच व्यक्तीकडे बघत होते. कपाटाची किल्ली जिच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती, तिच्याकडे.

२

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एका इमारतीत, तळमजल्यावर, मोठ्या बाई राहायच्या. त्याच शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं होतं. घरातही फळ्यावाचून त्यांचं अडायचं, म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक छोटा फळा होता. त्यावर 'साबण', 'दूध', 'दिवा बदलणे' असं लिहिलेलं असे.

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि दार धाडकन उघडलं. त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. हिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती चालताना कुणी पाहिलेली नव्हती. आजही ती पळतच आली होती, पाठीवर दप्तर आपटत.

"मावशी, आईला विकाऊ म्हणतायत!"

"कोण म्हणतंय? आधी बस. पाणी पी."

"सगळे! कवायत सर म्हणाले, किल्ली तुमच्याकडे, डबा तुमच्या कपाटात, मग खडू काय उंदरांनी बदलले? आज शाळा सुटल्यावर सभा आहे. आईला सचिवपदावरून काढणार. संघटनेतूनसुद्धा."

मोठ्या बाईंनी गॅस बंद केला. बहीण विज्ञान शिकवायची आणि संघटनेच्या त्या शाळेतल्या शाखेची सचिव होती. तिच्यासाठी सचिवपद म्हणजे खुर्ची नव्हती. ते तिचं नाव होतं.

"आणि आई काय म्हणाली?"

"काहीच नाही. प्रयोगशाळेत जाऊन चंचुपात्रं धूत बसलीय. धुतलेलीच परत धुतेय." भिंगरीनं मावशीचा पदर ओढला. "तू शोधून काढ ना, मावशी. तू बाबांच्या गाडीची किल्ली शोधली होतीस, तसं. कुणी केलं ते शोध, म्हणजे आई सुटेल."

"बरं. कुणाकुणाला विचारायचं? कागदावर नावं लिही."

"पेन्सिल दे."

"तुझी कंपासपेटी कुठं गेली?"

"आहे दप्तरात. राहू दे, मी फळ्यावरच लिहिते." तिनं फळीवरच्या खोक्यातून नवा कोरा खडू काढला आणि लिहायला घेतलं. कर्र! मोठ्या बाईंचे दात आंबले.

"अगं, हळू!"

फळ्यावर, 'साबण'च्या खाली, चौघे आले: मुख्याध्यापक. कवायत सर. नवीन सर. कारकून काका.

मोठ्या बाईंनी पायांत चपला सरकवल्या. त्यांच्या मनात काहीतरी खुपलं होतं, पण काय ते त्यांना त्या वेळी सांगता आलं नसतं.

३

"तू कशाला आलीस, ताई?" धाकटी नळाखाली हात धरून म्हणाली. "माझ्यामुळे तुझ्याही नावाला चिखल."

"माझं नाव धुवायला टाकलंय. तू डब्याचं बोल."

"बोलायचं काय? काल पहिल्या तासाला डबा काढला. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, संघटनेच्या कामासाठी वर्ग सोडायचा नाही. म्हणून डबा वर्गावर्गात फिरला. मधल्या सुट्टीआधी परत आला, मी कपाटात ठेवला, कुलूप लावलं. किल्ली गळ्यातच. झोपतानासुद्धा."

"झाकणाला चिकटपट्टी वगैरे?"

"आपल्याच माणसांच्या मतांना पट्टी कशाला लावायची?" ती कडवट हसली. "आता कळलं कशाला. आणि त्यात भर म्हणून मुख्याध्यापकांनी 'मार्गदर्शक शिक्षक' म्हणून माझं नाव वर कळवलंय. नव्या रचनेत ती वरची श्रेणी आहे. मी मागितली नव्हती. पण आता सगळे म्हणतात, बघा, मोबदला मिळाला."

"तू स्वतः काय टाकलं होतंस?"

धाकटीनं चंचुपात्र ठेवलं. "ताई, गुप्त मतदान आहे."

मोठ्या बाई मनातल्या मनात म्हणाल्या, ही विकली जाणार? ही तर सख्ख्या बहिणीलासुद्धा एक खडू दाखवत नाही.

शिक्षकांच्या खोलीत टेबलावर डबा तसाच होता, खडू परत आत भरलेले. बाईंनी झाकण काढलं आणि एकेक खडू उचलून बघितला. काही खडू अर्धे होते, मधून मोडलेले. बाकीचे अख्खे. नवेकोरे, दोन्ही टोकं गुळगुळीत, पेटीतून आत्ताच काढावेत असे.

त्यांनी झाकण हळूच लावलं.

"काय सापडलं?" दारातून भिंगरीनं विचारलं.

"खडू," बाई म्हणाल्या. पण त्यांचे डोळे चमकले होते, आणि ते भिंगरीनं पाहिलं.

४

कवायत सर मैदानाच्या कडेला शिट्टी पुसत उभे होते.

"बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण बहिणीची बाजू घेऊन आला असाल तर आल्या पावली परत फिरा."

"बाजू नाही घेत. कोन मोजते. मला सांगा, तुम्हाला मनापासून वाटतं तिनं केलं असं?"

सरांनी शिट्टी खिशात टाकली. "मनाचं विचारू नका. मन म्हणतं, शक्यच नाही. गेल्या संपात याच बाई कार्यालयासमोर उपोषणाला बसल्या होत्या. आम्ही बाकीचे घरी जाऊन जेवून यायचो, खोटं कशाला बोलू? त्या उठल्या नाहीत. शेवटी शुद्ध गेली, दवाखान्याच्या गाडीतून नेलं. त्यांची ही पोरगी एवढीशी होती, गाडीमागं पळत होती. ती बाई विकली जाईल? पण मग खडू कुणी बदलले?"

"तेच तर."

नवीन सर सगळ्यांत तरुण. करारावर होते, म्हणजे दरवर्षी नवा कागद, नवी सही. "मी पांढराच टाकला, बाई. सांगायला लाजत नाही. बाकीचे शिडीवर वरच्या पायरीसाठी भांडतात. मी शिडीवर नाहीच, मी शिडी धरून उभा असतो. नव्या रचनेत निदान पहिली पायरी तरी मिळेल. पण म्हणून दुसऱ्याचं मत पुसेन? उद्या वर्गात कॉपी करणाऱ्या पोराला कोणत्या तोंडानं ओरडू?"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लाल निघाला नाही म्हणून वरचे साहेब खूश होतील, हे खरं. सकाळीच फोन आला. पण मी खूश नाही. शिक्षकांच्या खोलीत आज कुणी कुणाशी बोलत नाहीये. ही सुधारणा म्हणायची?"

राहिले कारकून. कार्यालयातल्या कपाटात खडूंच्या पेट्या त्यांच्याच ताब्यात असत आणि प्रत्येक खडू देताना त्यांना पोटचं पोर दिल्यासारखं व्हायचं.

"खडू म्हणजे काय शेंगदाणे आहेत?" ते करवादले. "अर्धा वापरतात, अर्धा फेकतात. मला विचाराल तर काल सकाळी नेहमीसारखी पेटी काढून दिली आणि मी शिक्षण कार्यालयात गेलो. संध्याकाळी परत येऊन एकटाच बसलो होतो. हो, एकटाच. आणि कपाटांच्या जोडकिल्ल्या माझ्याकडे असतात, त्याही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल लपवलं."

"संप झाला असता तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

"वाटायचं काय? शिक्षक रस्त्यावर, आणि पालकांच्या शिव्या खायला मी एकटा खिडकीत!"

बाहेर आल्यावर भिंगरीनं बाईंचा हात घट्ट धरला. "कारकून काकांनी केलं असेल का, मावशी?"

"तुला काय वाटतं?"

भिंगरीनं हात सोडवून घेतला आणि दप्तर पुढं, पोटाशी ओढलं.

५

मोठ्या बाईंनी एक रिकामा वर्ग गाठला. चौघांना आणि बहिणीला एकेक करून आत बोलावलं. प्रत्येकाच्या हातात एक नवा खडू दिला आणि म्हणाल्या, "मला म्हातारीला जरा नकाशा काढून दाखवा. शिक्षकांच्या खोलीत कपाट कुठं, दार कुठं, खिडकी कुठं."

धाकटीनं खडू घेतला. कट्. मोडला आणि काढायला लागली.

मुख्याध्यापक आले. कट्. ते अजून रोज एक तास स्वतः घ्यायचे.

नवीन सर आले. कट्.

आता तुम्ही म्हणाल, खडू मोडण्यात काय मोठंसं? नव्या अख्ख्या खडूनं फळ्यावर लिहून बघा. असा किंचाळतो की अख्खा वर्ग कानांवर हात ठेवतो. म्हणून फळ्याशी आयुष्य काढणारा माणूस खडू हातात आला की आधी मोडतो, मग लिहितो. विचार करून नाही. तुम्ही शिंकताना डोळे मिटता, तितक्या सहज. काल मत टाकतानाही शिक्षकांच्या हातांनी तेच केलं होतं. खडू मोडला, अर्धा डब्यात, अर्धा टेबलावर.

कवायत सरांनी खडू तसाच टेकवला. कर्र! "फळ्याशी माझं कधी जमलंच नाही," ते कानाला बोट लावत म्हणाले.

आणि कारकून. कर्र!

बाईंनी मनात गणित मांडलं. डब्यातले अर्धे खडू म्हणजे शिक्षकांचे खरे पांढरे. अख्खे खडू मागाहून आलेले, लालांच्या जागी, आणि टाकणारा हात फळ्यावर शिकवणारा नव्हता. कवायत सर स्वतः लालवाले, आपल्याच बाजूचं मत कोण पुसेल? उरले कारकून. त्यांच्याकडे खडूंच्या पेट्या, जोडकिल्ली, रिकामी संध्याकाळ आणि संप नको असण्याचं कारण. उत्तर जुळत होतं.

पण उत्तर जुळलं की ताळा करायचा, हे त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवलं होतं. ताळा करताना एक वाक्य अडलं. 'डबा वर्गावर्गात फिरला.'

कसा फिरला?

नवीन सर अजून व्हरांड्यात होते. "सर, काल तुमच्या वर्गात डबा कोण घेऊन आलं?"

"कुणी नाही. म्हणजे..." ते हसले. "म्हणजे माणूस असं कुणी नाही. खडूवाली मुलगी. रोज सकाळी खडू वाटायला एक मुलगी फिरते ना, तिच्याच हाती डबा होता. एका हातात खडूंची पेटी, बगलेत डबा. मत पडेपर्यंत डोळे मिटून उभं राहायचं, असा तिला नियम होता. बिचारी राहिलीही."

"या महिन्यात खडूवाली कोण आहे?"

सरांनी नवलानं बघितलं. "बाई, तुमचीच की."

आता मोठ्या बाईंना कळलं, मघापासून काय खुपत होतं. स्वयंपाकघरातल्या फळ्यावरचा तो किंचाळणारा खडू.

६

भिंगरी जिन्याच्या वळणावर बसली होती. दप्तर मांडीवर. मधल्या सुट्टीत दप्तर पाठीला लावून कोण पळतं? आणि दप्तरात कंपासपेटी असताना दुसऱ्याची पेन्सिल कोण मागतं?

मोठ्या बाई तिच्या शेजारी, एक पायरी खाली, बसल्या. गुडघे कुरकुरले.

"सापडलं, मावशी?"

"सापडलं."

"कोण?"

"कंपासपेटी उघडतेस?"

भिंगरीनं दप्तर छातीशी धरलं. वर कुठल्याशा वर्गात पाढे चालू होते. मग ती पुटपुटली, "मी डोळे मिटले होते. खरंच. प्रत्येक वर्गात. पण इथं आले आणि झाकण उघडून बघितलं. लालच लाल दिसले मला."

"मग?"

"लाल जिंकला की संप. संप झाला की आई परत उपोषणाच्या मांडवात जाऊन बसणार. ती म्हणालीसुद्धा होती बाबांना, वेळ आली तर बसेन म्हणून." तिनं नाक बाहीला पुसलं. "गेल्या वेळी तिनं मला ओळखलंच नव्हतं, मावशी. मी हाक मारली, तिनं डोळे उघडले आणि मला ओळखलं नाही."

मोठ्या बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मला वाटलं, सगळे पांढरे झाले की सगळे खूश. आईला चोर म्हणतील असं मला वाटलंच नाही. म्हणून तुझ्याकडे आले. वाटलं, तू दुसरंच कुणीतरी शोधशील."

"शोधलंही होतं. कारकून काका."

"त्यांनी नाही केलं!"

"तुला माहीत आहे, मला माहीत आहे. सभेला माहीत नाही." बाई कठडा धरून उठल्या. "सभेत मी खडूंचं सांगणार. खडू बदलणारा हात फळ्यावर शिकवणारा नाही, इथपर्यंत. त्याच्यापुढचं उदाहरण माझं नाही."

"आणि काकांवर आलं तर?"

"ते मला नको विचारूस," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या. मनात मात्र त्यांनी ठरवलं होतं: पोर उठली नाही, तर कारकुनांना क्षणभरही जास्त उभं ठेवायचं नाही, आपण बोलायचं. पण तो एक क्षण तिला द्यायचा.

७

शाळा सुटली. शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या पुरेनात. अध्यक्ष टेबलामागं, डबा टेबलावर, धाकटी भिंतीशी उभी. चेहरा धुतलेल्या काचेसारखा कोरा. भिंगरी दाराजवळ खाली बसलेली, दप्तर पोटाशी.

मोठ्या बाईंनी फार वेळ घेतला नाही. डब्यातले अर्धे खडू एकीकडे मांडले, अख्खे एकीकडे. मग नवा खडू उचलून सगळ्यांसमोर धरला.

"मोडा," त्या भूगोलाच्या बाईंना म्हणाल्या.

"मोडा काय? मोडलासुद्धा," भूगोलाच्या बाई आपल्या हाताकडे बघत म्हणाल्या. हातात दोन तुकडे होते. खोलीत हशा पिकला, सकाळपासूनचा पहिला.

"हे अख्खे खडू विज्ञानाच्या बाईंनी टाकलेले नाहीत. त्यांनी टाकले असते तर ते मोडलेले असते, त्यांच्या मनात असो वा नसो. ज्यानं टाकले, तो फळ्यावर शिकवत नाही."

हशा विरला. एकेक मान वळायला लागली. आधी कवायत सरांकडे, मग तिथून कोपऱ्यात, जिथं कारकून चहाचा पेला घेऊन उभे होते.

"माझ्याकडे काय बघता?" ते म्हणाले.

"जोडकिल्ल्या तुमच्याकडे," कुणीतरी म्हणालं.

"खडू तुमच्याकडे."

"काल संध्याकाळी कोण होतं शाळेत?"

एरवी एका खडूसाठी भांडणारा माणूस आज एक पाऊल मागं सरकला. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. मोठ्या बाईंनी बोलायला तोंड उघडलं.

आणि भिंगरी उठली.

ती पळाली नाही. खुर्च्यांमधून वाट काढत, चालत, टेबलापर्यंत गेली. दप्तर उघडलं, कंपासपेटी काढली, टेबलावर पालथी केली. लाल खडू वर्तमानपत्रावर गडगडले. अर्धे, अर्धे, सगळे अर्धे. एक तेवढा अख्खा.

"तो माझा," कवायत सर अस्फुट म्हणाले.

"कारकून काका नाहीत," भिंगरी म्हणाली. "आई नाही. मी. जिन्यात." मग ती आईकडे वळली, आणि आतापर्यंत धरून ठेवलेला आवाज फुटला. "तू परत उपोषणाला बसणार होतीस."

धाकटीचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला. कारकुनांनी पेला खिडकीत ठेवला, खिशातून रुमाल काढला आणि आपला घाम पुसायचं सोडून तो भिंगरीपुढं धरला.

अध्यक्ष खाकरले. "लाल सापडले, पांढरे आहेत. मोजून टाकू या का?"

"नाही," धाकटी म्हणाली. घोगरा झाला होता आवाज, पण सचिवाचा होता. "रात्रभर माझ्या मुलीच्या दप्तरात राहिलेली मतं मी मोजणार नाही. उद्या काय व्हायचं ते होवो. मतदान नव्यानं." मग ती खाली वाकून भिंगरीला म्हणाली, "आणि माझं उपोषणाचं आपण घरी बोलू. तू, मी आणि बाबा. मला ते आधीच बोलायला हवं होतं."

लाल-पांढऱ्या खडूंच्या पेट्या आल्या. डबा रिकामा झाला. आता तो फिरवायचा कुणी? खोली इकडं बघू लागली, तिकडं बघू लागली. ज्यानं त्यानं हात मागं घेतले.

"कुणी कशाला?" कवायत सरांचा मैदानी आवाज आला. त्यांनी डबा उचलला आणि भिंगरीसमोर धरला. "माझ्या तासाला कवायत चुकली की पोरांना काय करायला लावतो मी?"

"पहिल्यापासून," भिंगरी हुंदका गिळत म्हणाली.

"कुणाकडून?"

"ज्याची चुकली त्याच्याकडून."

"मग धर."

भिंगरीनं रुमालानं हात पुसले. डबा दोन्ही हातांत घेतला, सगळ्यांत आधी भिंतीशी, आईपाशी, जाऊन उभी राहिली. डबा छातीच्या उंचीवर, सरळ धरला. मग डोळे मिटले.

कट्, असा आवाज झाला. खडू डब्यात पडला. पांढरा की लाल, कोण जाणे. भिंगरीची पापणीसुद्धा हलली नाही.